शेणाचं भांडण

शेणाला आमच्या घरात दोन हक्कदार होते, एक चूल आणि दुसरं रान. पावसाळा सोडला तर बरंचसं शेण शेणी थापण्यातच जायचं. वडील म्हणायचे, "रानाच्या तोंडचा घास चुलीत घालताय." आई म्हणायची, "मग भाकरी काय उन्हात भाजू?" दोघांचंही खरं होतं. शेणी जळली की तिच्यातलं नत्र धुरातनं जातं, हाती राख राहते. आणि चूल पेटली नाही तर घर उपाशी.

हे भांडण मिटवायचे प्रयत्न जुने आहेत. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं इंदूरला राहून काडीकचरा थोड्या शेणात कुजवायची रीत बसवली, ती १९३१ साली पुस्तकात आली. पुढं आपल्या पुसदच्या पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांचं टाकं केलं. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. आत पालापाचोळा, माती आणि शंभरेक किलो शेणाचा काला. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात पुष्कळ खत झालं, पण चूल तशीच राहिली.

चुलीचं उत्तर गोबरगॅसनं दिलं. मुंबईत माटुंग्याच्या महारोगी आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस धरला होता. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाईंनी शेणावर प्रयोग केले. मग जशभाई पटेलांनी लोखंडी टोपाचं संयंत्र केलं आणि साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगानं ते खेड्यात नेलं. टोप गंजायचा, म्हणून पुढं जमिनीतले विटांचे घुमट आले, त्यातलं 'दीनबंधू' आमच्याकडं जास्त चाललं. १९८१-८२ पासून सरकारी योजना आणि अनुदान.

गंमत अशी की हवा लागू न देता शेण कुजलं की त्यातला जळणारा वायू तेवढा वर येतो. नत्र रबडीत शिल्लक राहतं. म्हणजे चुलीला चुलीचं, रानाला रानाचं. आमच्याकडं १९८४ ला खड्डा खणला तेव्हा म्हातारी माणसं नाक मुरडत होती, भाकरीला वास मारंल म्हणून. तसं काही झालं नाही. आईच्या डोळ्यांचं पाणी मात्र थांबलं. मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा तो खड्डा वसूल झाला.

पण इतिहास लिहिणारे एक गोष्ट लिहीत नाहीत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि शेणाइतकंच पाणी. उन्हाळ्यात आड तळाला गेल्यावर ते पाणी कुणाच्या डोक्यावरनं यायचं? आई आणि माझी बायको, दोघी चार-पाच घागरी जादा आणायच्या. शेण कालवायचं, खडे वेचायचे तेही त्यांनीच. आमच्या गल्लीतली संयंत्रं बंद पडली त्याला लोक गवंड्याला नाहीतर टोपाला दोष देतात. मी पाहिलं ते असं, की ज्या घरची जनावरं विकली गेली किंवा बाई थकली, तिथला गॅस आधी विझला.

नंतर सिलिंडर आला, संकरित गाई आल्या. शेणावरचं भांडणच संपलं. उकिरडे वाहायला लागले, काही गोठ्यांचं शेण तर पाण्याबरोबर सरळ ओढ्यात जातं. एकेकाळी ज्याच्यासाठी घरात शब्दाला शब्द लागायचा, ते असं वाहताना बघवत नाही.

आता गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या जकारियापुऱ्यात नवी तऱ्हा सुरू झाली आहे. घराघरात गोबरगॅस, आणि उरलेली रबडी दुधासारखी मोजून विकत घेतात, तिचं खत करून विकतात. पैसे मिळतात ते बायकांना. आमच्याकडं दुधाचं बिल आजही बहुतेक घरात बापयाच्या नावावर निघतं. रबडीचं निघालं तर ते कुणाच्या नावावर लावायचं, हे गावानं पहिल्या घागरीच्या आधी ठरवावं.