भिंतीवरचा कागद

आमच्या सिहोऱ्याकडं डॉक्टर म्हणजे सुई लावणारा माणूस. सायकलीनं यायचा, सुई पाण्यात उकळायचा, पैसे नसले तर धान निघेपर्यंत थांबायचा. सनद कोण विचारणार? रात्री-बेरात्री तोच धावून यायचा.

कायदा मात्र जुनाच. खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचा १९४९ सालचा. त्यात तपासणीही लिहिलेली.

बोगस डॉक्टरची भीती होती, सरकारी दवाखान्याची नव्हती. अडलेली बाळंतीण असो की कमी वजनाचं लेकरू, भंडाऱ्याला न्या म्हणायचे. तिथंच, जिल्हा सामान्य रुग्णालयात, ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ लेकरं होती. ७ वाचली, १० गेली. मग राज्यभर दवाखान्यांच्या तपासणीचे आदेश निघाले. ‘फायर ऑडिट’ हा शब्द आमच्या पारावर तेव्हाच आला. त्याच वर्षी नियमही सुधारले. दरपत्रक आणि रुग्णांचे हक्क खाजगी दवाखान्यात भिंतीवर लावायचे ठरले.

आता कुठल्याही दवाखान्यात गेलो की मी आधी भिंत वाचतो. मग ते लाल नळकांडं, त्यावरच्या चिठ्ठीची तारीख. एकदा कंपाउंडर हसून म्हणाला, “काका, तपासायला आले का?”

म्हटलं, “हो. बसायला खुर्ची दे.”