अभ्याससहली, परदेशी विद्यार्थ्यांच्या

दुसऱ्या देशात एखादे सत्र किंवा वर्ष शिकायला गेलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांसह गटाने केलेला, अभ्यासक्रमाला जोडलेला प्रवास. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याचे. ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ या अमेरिकी महाविद्यालयांच्या संघाचा भारतविषयक अभ्यासक्रम तेथे अनेक वर्षे चालला. विद्यार्थी मराठी शिकत, मराठी कुटुंबांत राहत आणि स्वतंत्र प्रकल्प करीत. कार्लटन महाविद्यालयातील इतिहासकार एलेनॉर झेलियट आणि फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा या कामाशी निकटचा संबंध होता. त्या दोघींनी संपादित केलेला महाराष्ट्रातील धर्मजीवनावरील इंग्रजी लेखसंग्रह १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी भाषा, मग प्रवास, हा क्रम या पद्धतीचे खरे बळ होय. वेरूळची ३४ लेणी घाईने पाहून होतात. पण तेथे आलेल्या गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत चार वाक्ये बोलणारा विद्यार्थी निराळेच शिकून जातो.

विदर्भात अशा सहलींना सेवाग्राम (गांधीजींचे वास्तव्य १९३६ पासून) आणि विनोबांचे पवनार ही स्वाभाविक ठिकाणे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुका मात्र सहसा वगळला जातो. कापूस, तूर, सोयाबीन आणि बेंबळा धरण प्रकल्प यांमुळे कोरडवाहू शेती, सिंचन व पुनर्वसन हे तिन्ही प्रश्न येथे एकत्र अभ्यासता येतात. सहली आखणाऱ्या संस्थांनी सेवाग्रामहून पुढे बाभुळगावपर्यंत यावे.