गाडीला ऑइल कूलर लावताय? आधी हे वाचा

ट्रॅकवर गाडी पळवताना पाण्याचा काटा जागेवरच असतो. पण तेवढ्यात इंजिन ऑइल १३० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. ऑइल तापलं की पातळ होतं, प्रेशर घसरतं. बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटला की इंजिन जाम! हे टाळायला ऑइल कूलर लावतात. ऑइल कूलर म्हणजे ऑइलसाठीचा छोटा रेडिएटर.

तुम्हाला त्याची गरज आहे का?

फक्त ऑफिसला ये-जा असेल, तर बहुधा नाही. आधी ऑइल टेम्परेचर गेज बसवा. ९० ते ११० अंश उत्तम. रीमॅप केलेल्या टर्बो गाडीत किंवा ट्रॅकवर काटा १२०-१३० च्या वर टिकून राहत असेल, तर कूलर घ्या.

कोणता घ्यायचा?

ट्यूब-अँड-फिन कूलर स्वस्त असतो. स्टॅक्ड प्लेट कूलर महाग, पण त्याच आकारात जास्त उष्णता काढतो. तो १०, १३, १६, १९, २५ अशा ओळींमध्ये मिळतो. मात्र मोठा म्हणजे चांगला असं नाही. ऑइल पुरेसं तापलं नाही, तर त्यातली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही आणि इंजिन लवकर झिजतं. म्हणून थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेटच घ्या. ती इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसते आणि साधारण ८० अंशांनंतरच ऑइल पूर्णपणे कूलरकडे वळवते.

बसवताना काय पाहायचं?

• कूलरला समोरून हवा मिळाली पाहिजे आणि ती मागून बाहेर पडायला वाट हवी.
• रेडिएटर पूर्ण झाकू नका, नाहीतर पाणी तापेल.
• पाइपची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते.
• कूलर रबरी बुशवर बसवा, नाहीतर हादऱ्यांनी तडा जातो.
• होज गरम ऑइलसाठी बनवलेलाच वापरा. तो एक्झॉस्टपासून लांब आणि कुठेही न घासणारा हवा.

पहिल्यांदा सुरू करताना

इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा आणि ऑइल प्रेशर येऊ द्या. मग इंजिन सुरू करून प्रत्येक जोड तपासा. कूलर आणि होजमध्ये ऑइल भरल्याने पातळी खाली जाते. इंजिन बंद करा, थोडं थांबा, डिपस्टिक पाहा आणि ऑइल टाका. पहिल्या फेरीनंतर जोड पुन्हा तपासा. होज निसटला, तर काही क्षणांत इंजिनातलं ऑइल रस्त्यावर येतं.

आणि हे विसरू नका

एकदा इंजिन फुटलं, तर जुना कूलर नव्या इंजिनाला लावू नका. धातूचा चुरा त्याच्या बारीक वाटांत अडकून बसतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघेल याची खात्री नसते. नवा कूलर महाग वाटेल, पण दुसरं इंजिन त्याहून कितीतरी महाग पडेल.