छपाईयंत्राची कुजबुज आणि खोडदची शांतता

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांची मुले खोडदला येतात. नारायणगावच्या पूर्वेस असलेल्या या गावाजवळ जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० अँटेना. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. मग हमखास एखादे मूल विचारते, "फोन नुसता खिशात ठेवला, बोललोच नाही, तर काय बिघडले?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला एक इतिहास आहे. त्या इतिहासात खगोलशास्त्रज्ञांपेक्षा लष्करी कचेऱ्या, टंकलेखन यंत्रे आणि प्रिंटर यांचाच भरणा अधिक आहे.

आधी थोडे विज्ञान पाहू. तारेतला विद्युत्प्रवाह बदलला की तिच्याभोवतीचे विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्र बदलते आणि काही ऊर्जा लहरींच्या रूपाने निसटते. प्रवाह जितका झटक्याने बदलेल, तितक्या जास्त कंप्रतेच्या लहरी त्यातून निघतात. प्रिंटरचे सारे काम अशा झटक्यांवरच चालते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात ९ किंवा २४ सुया असतात. प्रत्येक सुईमागे एक विद्युत्चुंबक असतो आणि प्रत्येक अक्षरासाठी वेगळ्या सुया उडतात. लेसर प्रिंटरमध्ये लेसरचा किरण ओळीमागून ओळ चालू-बंद होत जातो. म्हणजे कागदावर जे उमटते, त्याचीच एक अस्पष्ट प्रत लहरींच्या रूपाने हवेतही उमटत असते. प्रिंटरला जोडलेली मीटरभर लांबीची केबल या लहरींना आयती अँटेनाच मिळते.

हे पहिल्यांदा ध्यानात आले ते अपघाताने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य गुप्त संदेशांसाठी बेल टेलिफोन कंपनीने पुरवलेले '१३१-बी२' नावाचे यंत्र वापरत असे. टेलिप्रिंटरवरचा मजकूर ते सांकेतिक करी. १९४३ साली बेलच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाला दिसले, की हे यंत्र चालू असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टोके उमटतात. नीट पाहिल्यावर त्या टोकांवरून मूळ संदेशच वाचता आला. यंत्र विकणाऱ्या कंपनीने हा दोष स्वतः होऊन गिऱ्हाइकाला सांगितला, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. सैन्याचा मात्र विश्वास बसेना. तेव्हा बेलच्या अभियंत्यांना न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, सैन्याच्या संदेशकेंद्रासमोर, सुमारे ८० फूट अंतरावरच्या इमारतीत बसवण्यात आले. त्यांनी तासभर लहरींची नोंद केली आणि तीन-चार तासांत सुमारे ७५ टक्के मजकूर उलगडून समोर ठेवला.

बेलने तीन उपाय सुचवले: यंत्र धातूच्या कवचात घालणे, वीजपुरवठ्याच्या व संदेशाच्या तारांवर गाळण्या बसवणे आणि इतर गोंगाटात ही कुजबुज बुडवून टाकणे. असे सुधारलेले यंत्र तयारही झाले, पण ते अवजड होते आणि चालवायला कटकटीचे. अखेर सैन्याने स्वस्त मार्ग धरला. केंद्राभोवतीच्या १०० फुटांच्या क्षेत्रावर ताबा ठेवा, असे अधिकाऱ्यांना कळवून टाकले. युद्ध संपले आणि हा सारा प्रकार विसरला गेला. १९५१ साली तो पुन्हा नव्याने 'शोधावा' लागला! पुढे या विषयाला 'टेम्पेस्ट' हे सांकेतिक नाव मिळाले.

१९७४ साली अमेरिकेत या कामासाठी उद्योगांना बरोबर घेणारी सरकारी योजना सुरू झाली आणि एक आगळी बाजारपेठ उभी राहिली. नेहमीचा प्रिंटर घ्यायचा, उघडायचा, धातूच्या कवचात नव्याने बसवायचा, तपासायचा आणि कितीतरी जास्त किमतीला सरकारी खात्यांना विकायचा, असा हा धंदा. इतर मालाप्रमाणे 'वेगवान', 'सुबक छपाई' अशी जाहिरात येथे कामाची नव्हती. या प्रिंटरने काय करू नये, यासाठीच पैसे मोजले जात. शिवाय किती किरणोत्सर्ग चालेल याची मर्यादाही गोपनीय. ती कळण्यासाठी विक्रेत्याला आधी सरकारचा विश्वास मिळवावा लागे. सामान्य खरेदीदाराला नुसत्या डोळ्यांनी साधा प्रिंटर आणि सुरक्षित प्रिंटर यांत फरक सांगता येणार नाही. म्हणून सारी भिस्त मोजमापावर आणि मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

कवच घालणे सोपे वाटते. फॅराडेने १८३६ साली दाखवून दिले होते, की धातूच्या पिंजऱ्याबाहेर कितीही वीज खेळवली तरी आत तिचा मागमूस लागत नाही. पण प्रिंटरची अडचण निराळी आहे. त्यातून कागद बाहेर यावा लागतो! ए-४ कागदासाठी २१ सेंटिमीटर लांबीची फट लागते. फट कितीही अरुंद असली तरी महत्त्व तिच्या लांबीला असते. लहरीची निम्मी लांबी फटीएवढी झाली, म्हणजे सुमारे ७०० मेगाहर्ट्झला, ती फटच अँटेनासारखी वागू लागते. दार घट्ट बसवणारी धातूची जाळीदार पट्टी दुरुस्तीच्या वेळी निसटली किंवा एखादा स्क्रू सैल राहिला, तरी सगळा खर्च वाया.

हा धोका सामान्यांना कळला तो १९८५ साली. विम व्हॅन एक या डच संशोधकाने संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर साध्या, सहज मिळणाऱ्या उपकरणांनी दुरून वाचता येतो, हे जाहीरपणे दाखवले. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतली टंकलेखन यंत्रे तपासासाठी मायदेशी नेली, तेव्हा १६ यंत्रांत प्रत्येक अक्षर बाहेर कळवणारी छुपी साधने सापडली. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा नुसता आवाज ध्वनिमुद्रित केला आणि इंग्रजी मजकुरातले ७२ टक्क्यांपर्यंत शब्द ओळखले. धातूचे कवच लहरी अडवते. खरखर अडवण्याची हमी ते देत नाही.

आता खोडदकडे परत येऊ. लष्कराला भीती असते, की आपली कुजबुज दुसरा ऐकेल. खोडदच्या शास्त्रज्ञांना भीती असते, की आपल्याच यंत्रांच्या कुजबुजीत आकाशाची हाक बुडेल. भीती उलट, पण भौतिकी तीच. १ वॅटचा मोबाइल चंद्रावर ठेवून चालू केला, तर त्याचे संकेत पृथ्वीवर २५० जान्स्कींहून अधिक तीव्रतेचे भासतील. आणि ही दुर्बीण तर जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण संकेत टिपते. खिशातला फोन न बोलताही मधूनमधून मनोऱ्याशी संपर्क साधतच असतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे!

म्हणून उपायही तेच. अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतून येतात, कारण काचेचा तंतू रेडिओलहरी बाहेर टाकत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धातूच्या कवचात असते. आणि १०० फुटांच्या आज्ञेप्रमाणे येथेही अंतराचा आधार घेतला आहे: शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली. अंतर दहापट केले की लहरींची तीव्रता शंभराव्या भागावर येते. गंमत म्हणजे अँटेनांच्या तबकड्याही जाळीच्याच आहेत. १० ते २० मिलिमीटरच्या छिद्रांतून वारा निघून जातो, पण मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते.

मात्र एक फरक आहे. लष्कराने शांतता पैसे मोजून विकत घेतली. खोडदची शांतता आजूबाजूच्या गावांच्या सहकार्यावर उभी आहे. परिसरातल्या उद्योगांना, मनोऱ्यांना परवानगीची अट पाळावी लागते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न आला. ज्या मुलांच्या गावाला ही किंमत द्यावी लागते, त्यांना त्यामागचे विज्ञान समजायलाच हवे.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. जुना ट्रान्झिस्टर मध्यमलहरींवर, कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी लावा आणि चालू संगणकाजवळ किंवा प्रिंटरजवळ न्या. छपाई सुरू होताच त्याची खरखर बदलते का, ऐका. मग एखादे केंद्र लावून तो झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावा, मग किंचित फट ठेवा. काय फरक पडतो, तो मुलांनीच वहीत नोंदवावा.