गोतसभा ते गणकयंत्र

दिवाळीच्या फराळाबरोबर सभेचे इतिवृत्त वाचायला कोणाला आवडेल? तरीही वाचकहो, आज मी तुम्हांला सभांचाच इतिहास सांगणार आहे. कारण चार माणसे एकत्र बसून ठरवतात ते बरे की वाईट, हे पुष्कळदा त्या ठरावाची नोंद कोण आणि कशी करतो, यावर अवलंबून असते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीने मला ते शिकवले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यात ग्रामसभा भरली होती. कायद्याने गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी ती हजर लागते. ती काही झाली नाही. सभा तहकूब झाली आणि पुन्हा बोलावली गेली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ग्रामसेवक आले नव्हते. अशा वेळी गावातल्या शिक्षकाला लिहायला बसवण्याची सोय कायद्यातच आहे. तेव्हा वही माझ्यापुढे आली. विषय नळाचा. वरच्या आळीला आधी तोटी द्यावी, असे ठरत होते. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ‘‘वरच्या आळीचं भागून खाली येईस्तोवर पानी संपतंय, बाबांनो. आमी काय प्यावं?’’ कोणी हसले, कोणी ‘‘बसा आजी’’ म्हणाले. मी वहीत लिहिले, ‘सर्वानुमते मंजूर’. बाहेर पडताना तिने मला गाठले. ‘‘गुर्जी, माझं बोलनं लिवलं का?’’ मी मान डोलावली, आणि ती मान डोलावणे मला अजून टोचते.

आपल्या पूर्वजांची रीत निराळी होती. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला, की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते जमत आणि निवाड्याचा कागद होई. त्याला महजर म्हणत. अक्षर न येणारा माणूसही त्यावर साक्ष घाली, आपल्या धंद्याच्या निशाणीने. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा! सभेला कोण होते, हे तो कागद आजही सांगतो. मात्र उगाच भाबडे होऊ नये. त्या गोतात प्रतिष्ठेच्या पायऱ्या होत्या, आणि आमच्या म्हातारीसारखीला तिथे कोण विचारणार?

पुढे काळ पालटला. सिंदफणेकाठचा आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावाच्या सभेला रूप दिले, १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेचा आधार दिला. निशाण्या गेल्या, त्यांच्या जागी सह्या व अंगठे आले. आणि निर्णयाच्या नोंदीत ‘सर्वानुमते’ हा सोयीचा शब्द येऊन बसला.

इकडे हे चालले असता, सातासमुद्रांपलीकडे काही माणसे याच कोड्याशी झुंजत होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने भर सभेत एक नवल दाखवले. कित्येक मैलांवर मेन्लो पार्कला बसलेला त्याचा सहकारी आणि तो, दोघे एकाच वेळी एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करीत होते, एकमेकांचे चेहरेही पाहत होते. १९७१ साली अमेरिकेत वेतन व किमती गोठवण्यात आल्या, तेव्हा मरे टुरॉफने दूरदूरच्या कचेऱ्यांना गणकयंत्राच्या द्वारे आपसांत विचारविनिमय करता यावा, अशी योजना उभारली. आणि १९८५ च्या सुमारास ॲरिझोना विद्यापीठात जे. नूनामेकर व त्यांच्या साथीदारांनी सभेची एक खोलीच सजवली: प्रत्येकापुढे एक यंत्र, सर्वांनी एकाच वेळी आपले मत टंकायचे, पडद्यावर मत दिसायचे पण नाव दिसायचे नाही. मग त्यांतल्या सूचनांवर मतदान. साहेबासमोर ज्याची जीभ अडखळते, त्याचेही म्हणणे त्यामुळे पुढे येई. आमच्या म्हातारीला ‘‘बसा’’ म्हणायला तिथे कोणाला वावच नव्हता!

ही यंत्रे हळूहळू आपल्या उंबऱ्याशीही आली. २०११ साली ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, या योजनेने ग्रामपंचायतीत संगणक व तो चालवणारा माणूस आणला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू केले. गावाचा आराखडा आणि खर्च त्यावर कोणालाही पाहता येऊ लागला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्रिपुरात ‘सभासार’ नावाचे साधन सुरू झाले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण त्याला दिले, की यंत्र स्वतःच इतिवृत्ताचा मसुदा करून देते.

ते वाचले त्या दिवशी मला म्हातारी आठवली. यंत्राला भिडेची बाधा नाही, सरपंचाशी शेजार नाही. परंतु जे बोललेच गेले नाही ते यंत्राला ऐकू येत नाही. जी बाई चावडीपर्यंत आलीच नाही, तिचा आवाज त्यात कोठून उतरणार? शिवाय ‘लिवलं’ आणि ‘येईस्तोवर’ त्याला कितपत कळेल, याचीही मला धास्ती वाटते. म्हणून मसुदा यंत्राने करावा, पण तो गावाला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ‘‘हे माझे बोलणे नव्हे’’ म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असावी. महजराचे मर्म तेच होते.

माझ्या वहीचे काय झाले, ते सांगून थांबतो. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले गेले, तेव्हा मी उभा राहिलो आणि माझी चूक कबूल केली. ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ लिहिले गेले, आणि खाली म्हातारीची हरकत तिच्याच शब्दांत आली. तोटी वरच्या आळीलाच आधी बसली, हे खरे. पण म्हातारीने वही मागून घेतली, तिला वाचता येत नव्हते, तरी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘आता हाय म्हना मी पन सभेत.’’