डिक्टेटर (रोमन प्रजासत्ताक)

प्राचीन रोमन प्रजासत्ताकात संकटकाळी किंवा एखाद्या ठरावीक कामासाठी, जास्तीत जास्त सहा महिन्यांकरिता नेमला जाणारा सर्वाधिकारी. मराठीत या शब्दाला ‘हुकूमशहा’ हा पर्याय रूढ आहे. तो सुल्ला आणि सीझर यांना शोभतो; त्यांच्या आधीच्या तीन शतकांतील डिक्टेटरांना मात्र लागू पडत नाही. हे पद बंड करून बळकावता येत नसे, ते कायद्याच्या चौकटीतले होते आणि काम आटोपताच सोडून द्यायचे असे. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

राजाला हाकलून दिल्यावर (परंपरेनुसार इ. स. पू. ५०९) रोमनांनी त्याची सत्ता दोन कॉन्सलांकडे सोपवली. मुदत एक वर्षाची, अधिकार सारखे. एकाचा हुकूम दुसऱ्याला रोखता येई. एकहाती सत्तेची धास्ती घेतलेल्या समाजाला ही सोय मानवणारी होती, पण शत्रू वेशीवर आला की दोन तोंडांनी हुकूम सुटणे परवडत नसे. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे डिक्टेटर. पहिला डिक्टेटर म्हणून बहुधा तायटस लार्शियसचे नाव घेतले जाते. वर्ष कोणी इ. स. पू. ५०१ सांगतात, कोणी ४९८.

नेमणुकीसाठी निवडणूक होत नसे. सीनेटने शिफारस करायची आणि कॉन्सलने रात्रीच्या नीरव वेळी शकुन पाहून नाव उच्चारायचे. कॉन्सलापुढे बारा लिक्टर म्हणजे दंडधारी चालत, डिक्टेटरापुढे चोवीस. कॉन्सलाच्या लिक्टरांना शहराच्या हद्दीत दंडांच्या जुडग्यांतून कुऱ्हाडी काढून ठेवाव्या लागत, डिक्टेटराच्या लिक्टरांना ती अट नव्हती. डिक्टेटर आपला दुय्यम म्हणून घोडदळप्रमुख नेमी. गंमत अशी, की घोडदळ दुय्यमाच्या हाती आणि खुद्द डिक्टेटराला मात्र लोकांच्या परवानगीवाचून घोड्यावर बसण्याची मनाई.

मुदतीइतकेच महत्त्व कामाच्या मर्यादेला होते. डिक्टेटर कशासाठी, हे नेमतानाच ठरे : युद्ध चालवणे, कॉन्सल रणांगणावर असताना निवडणुका घेणे, एखादा धार्मिक विधी पार पाडणे. इ. स. पू. ३६३ मध्ये साथीचा कोप शमावा म्हणून ज्युपिटरच्या देवळात विधिपूर्वक खिळा ठोकायला ल्युशियस मॅनलियसला डिक्टेटर केले. खिळा ठोकून झाल्यावर त्याला युद्धाची हुक्की आली आणि त्याने सक्तीची सैन्यभरती सुरू केली. सगळे ट्रिब्यून म्हणजे सामान्य जनतेचे प्रतिनिधी त्याच्याविरुद्ध उभे राहिले, त्याला पद सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर खटला गुदरला गेला. खिळ्यापुरता दिलेला अधिकार खिळ्यापुरताच, हे रोमनांनी त्याला पटवून दिले.

या पदाचा आदर्श म्हणून सिनसिनॅटसची कथा सांगतात. इ. स. पू. ४५८ मध्ये एक्वी टोळीने कॉन्सल मिन्युशियसच्या सैन्याला अल्जिडस डोंगराजवळ वेढले. सीनेटचे दूत टायबरपलीकडे गेले, तेव्हा सिनसिनॅटस आपल्या लहानशा शेतात राबत होता. निरोप ऐकण्यापूर्वी त्याने बायकोला, रासिलियाला, झोपडीतून टोगा आणायला सांगितले. शत्रूचा पराभव करून सोळाव्या दिवशी तो पदावरून उतरला. कथेत दंतकथेचा भाग मोठा आहे. ती सांगणारे सहसा एक तपशील गाळतात : रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो, की विजयानंतर तो लगेचच राजीनामा देणार होता, पण ज्याच्या साक्षीमुळे त्याच्या मुलावर परागंदा होण्याची वेळ आली होती, त्या माणसाचा खोट्या साक्षीचा खटला निकालात निघेपर्यंत तो थांबला. आदर्श पुरुषालाही घरचा हिशेब चुकता करायचा होता. तरीही सहा महिन्यांचा अधिकार त्याने सोळा दिवसांतच परत केला.

शिस्तीच्या बाबतीत इ. स. पू. ३२५ चा प्रसंग बोलका आहे. सॅमनाइट युद्धात डिक्टेटर पपिरियस कर्सर पुन्हा शकुन पाहण्यासाठी रोमला गेला. जाताना घोडदळप्रमुख फेबियस रुलियानसला लढाई न देण्याची ताकीद देऊन गेला. फेबियस लढला आणि जिंकलाही. परतल्यावर पपिरियसने त्याच्या शिरच्छेदाची तयारी चालवली. फेबियस रोमला पळाला, त्याच्या म्हाताऱ्या बापाने लोकांपुढे दाद मागितली. शेवटी जमावाने आणि ट्रिब्यूनांनी हुकूम रद्द करण्याची मागणी न करता दयेची याचना केली, तेव्हा पपिरियस नमला. शिक्षा माफ झाली. गुन्हा माफ झाला नाही.

दुसऱ्या प्यूनिक युद्धात या पदाची खरी कसोटी लागली. इ. स. पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबलने ट्रॅझिमीन सरोवराच्या काठी कॉन्सल फ्लॅमिनियसला सैन्यासह कापून काढले. दुसऱ्या कॉन्सलशी संपर्क तुटलेला, त्यामुळे नाव उच्चारणार कोण? लोकांनीच क्विंटस फेबियस मॅक्सिमसला निवडले, आणि त्याचा घोडदळप्रमुख मार्कस मिन्युशियस रूफस यालाही. दुय्यम आपण निवडलेला नाही, ही पुढच्या कटकटीची मेख होती.

उघड्या मैदानात हॅनिबलला तोंड द्यायचे नाही, हे फेबियसने ओळखले होते. डोंगरकड्यांवरून त्याच्या मागावर राहायचे, वैरणीसाठी फुटलेल्या तुकड्या टिपायच्या, त्याला रसद मिळू द्यायची नाही. डोळ्यांदेखत कांपानियातली शेते जळत असताना हे धोरण चालवणे सोपे नव्हते. त्यातच शिंगांना पेटत्या काटक्या बांधलेले बैल रात्री डोंगरावर हाकून हॅनिबल खिंडीतून निसटला. फेबियसची मालमत्ता तेवढी त्याने मुद्दाम जाळली नाही. लोकांच्या मनात संशय पेरायचा होता. फेबियसने ती जमीन विकून त्या पैशांतून रोमन कैदी सोडवले.

तरी कुरकुर थांबली नाही. एका किरकोळ विजयानंतर मिन्युशियसला डिक्टेटराच्या बरोबरीचा अधिकार देणारा कायदा झाला, म्हणजे ज्या दुहेरी नेतृत्वावर उपाय म्हणून हे पद जन्मले तेच दुखणे त्यात पुन्हा शिरले. फेबियसने आळीपाळीने हुकूम चालवण्याऐवजी सैन्य वाटून घेतले. लवकरच मिन्युशियस हॅनिबलच्या सापळ्यात सापडला. फेबियसने धावून जाऊन त्याला वाचवले. मिन्युशियसने आपल्या सैन्यासह येऊन त्याला ‘पिता’ म्हटले आणि पुन्हा त्याच्या हाताखाली उभा राहिला. सहा महिने भरताच फेबियस पायउतार झाला. पुढच्या वर्षी दोन कॉन्सल एकेक दिवसाआड हुकूम चालवत कॅनीला पोहोचले. तिथे हॅनिबलशी झालेल्या लढाईत ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या मते सुमारे ७०,००० आणि लिव्हीच्या मते ४८,००० रोमन व त्यांचे सहकारी मारले गेले.

कॅनीनंतर रिकाम्या झालेल्या सीनेटमध्ये नवे सदस्य भरण्यासाठी मार्कस फेबियस ब्यूटिओला डिक्टेटर नेमले, तेव्हा एक डिक्टेटर सैन्याबरोबर होताच. ब्यूटिओने व्यासपीठावरूनच या नेमणुकीला नावे ठेवली : एका वेळी दोन डिक्टेटर, आणि त्यातला एक घोडदळप्रमुखाशिवाय! १७७ नावे वाचून तो खाली उतरला, लिक्टरांना जायला सांगितले आणि चौकातल्या गर्दीत मिसळला. हा लेखकाला सिनसिनॅटसहून अधिक भरवशाचा दाखला वाटतो : इथे नांगर नाही, विजयही नाही, नुसते काम आटोपून घरी जाणे आहे.

इ. स. पू. २०२ नंतर हे पद वापरातून गेले. युद्धे इटलीबाहेर सरकली होती. सहा महिन्यांत तिथे निकाल लागणे कठीण. १२० वर्षांनी, इ. स. पू. ८२ मध्ये, सुल्लाने ते उकरून काढले, पण त्यातला गाभाच काढून टाकला. कायदे करणे आणि राज्याची घडी बसवणे एवढे मोघम काम, आणि मुदतच नाही. विरोधकांच्या याद्या चौकात लावून त्याने कत्तली करवल्या. पुढे त्याने स्वतःहून सत्ता सोडली, तरी तेवढ्याने जुन्या डिक्टेटरांशी त्याचे नाते जुळत नाही. सीझरची पहिली कारकीर्द (इ. स. पू. ४९) निवडणुकांपुरती, अकरा दिवसांची होती, ४६ मध्ये मुदत दहा वर्षांची झाली आणि ४४ च्या सुरुवातीला तहहयात. १५ मार्चला त्याचा खून झाला.

त्याच वर्षी मार्क अँटनीने कायदा करून हे पद कायमचे रद्द केले. इ. स. पू. २२ मध्ये धान्यटंचाईने गांजलेल्या लोकांनी ते ऑगस्टसला देऊ केले. त्याने ते नाकारले आणि धान्यपुरवठ्याची देखरेख तेवढी स्वीकारली.