विटाळ आणि कापसाची धूळ

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी उभारायला घेतलेल्या पहिल्या गिरणीपासून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंतच्या कथा आपण वाचतो. संपांचा, युनियनांचा, पुढाऱ्यांचा इतिहास झाला. अलीकडे गिरण्यांच्या जमिनींचाही झाला. कामगाराच्या छातीचा इतिहास मात्र त्या मानाने फार थोडा लिहिला गेला. त्या छातीत किती धूळ जायची हे जातीने ठरत होते काय, हा प्रश्न तर क्वचितच विचारला गेला. तो मला विचारायचा आहे.

मी घाटकोपरला वाढलो आणि इतिहास शिकवतच निवृत्त झालो. माझा बा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होता. पहिल्या पाळीसाठी तो पहाटेची लोकल पकडायचा. घरी आला की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. आये त्याला दारातच अंग झाडायला लावी. सुट्टीच्या दिवशी तो बरा असे. सुट्टी संपवून कामावर गेला की त्याच संध्याकाळी म्हणायचा, "उरावर पाटा ठिवल्यावानी हुतंय." पुढच्या दिवसांत छाती थोडी सैल पडे. पुढेपुढे मात्र ती सुट्टीतही सैल पडेना. दवाखान्यात मी त्याच्यासोबत जात असे. डॉक्टरांनी विचारले, "बिडी ओढतोस?" तो ओढत होता. कागदावर ब्राँकायटिस लिहिला गेला. 'कोणत्या खात्यात काम करतोस?' हे कोणी विचारले नाही.

बा जे सांगत होता तेच त्या रोगाचे लक्षण होते. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताग-अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची आणि दम्याची नोंद आहे. लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे इतर दिवशीही आवळते आणि अखेरीस फुप्फुसाची ताकद कायमची जाते. एक्स-रेवर या रोगाची अशी खास खूण उमटत नाही. तो ओळखायचा तर पाळीच्या आधी आणि नंतर श्वास मोजावा लागतो आणि त्याहून आधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. ज्या समाजाच्या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या किंमत नव्हती, त्याच्या वाट्याला नेमका असा रोग यावा, ज्याचा मुख्य पुरावा त्याचा शब्दच!

आता धूळ कुठे असते ते पाहू. गाठीतल्या कापसाबरोबर पानांचा, बोंडांच्या टरफलांचा चुरा येतो आणि त्यावर जिवाणू असतात. त्यांच्या विषामुळे श्वासनलिका आवळतात, असे आजचे शास्त्र मानते. ब्लो रूममध्ये गाठी फोडताना आणि कार्डिंगमध्ये कापूस पिंजताना ही धूळ सर्वांत जास्त उडते. रिंग खात्यात ती कमी, तरी पुष्कळ असते. सूत खळ लावून साच्यावर चढते तोवर बराचसा कचरा मागेच झडलेला असतो. म्हणजे साचेखात्यात, विणकामात, त्या मानाने धूळ कमी आणि मजुरी मात्र जास्त.

आणि नेमके हेच साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ नको, म्हणून सवर्ण विणकरांनी त्याला साच्यावर उभे राहू दिले नाही. तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत सर्वांनाच घातक होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने ती १९११ साली कायद्याने बंद केली. इथे पद्धत राहिली, माणूस मात्र बाहेर काढला गेला. तोंडाचा विटाळ टाळला आणि आमच्या छातीत धूळ भरली.

१९२८ चा सहा महिन्यांचा संप आठवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, साचेखात्यासह सर्व खात्यांत अस्पृश्यांना काम मिळण्याचा हक्क मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात येऊ नका असे सांगेन. मागण्यांच्या यादीत ही मागणी आली, पण नाराजीने. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असला तर तो आमचा नव्हे. भांडवलदार म्हणाला दोष कामगारांचा, आणि कामगार पुढारी कचरत होते. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्याचा अर्थ गिरणीतल्या या एका दारावरही कळतो.

माझा आजा रिंग खात्यात होता. त्याच्या ओळखीने, जॉबरच्या हातापाया पडून, बा बदली म्हणून लागला. गिरणीत भरती अशीच होई. बाप ज्या बाजूला, मुलगा बहुधा त्याच बाजूला. अस्पृश्यता कायद्याने १९५५ साली गुन्हा ठरली, पण खाते वारशाने येतच राहिले. कार्डिंगमध्ये फक्त आपलेच लोक होते असे मी म्हणत नाही. तिथे कोकणातला मराठा होता, घाटावरचा होता, उत्तरेकडचा भय्याही होता. धूळ जात पाहत नाही. पण त्या धुळीतून बाहेर पडण्याच्या दारावर जात उभी होती, एवढाच माझा मुद्दा आहे.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील गिरण्यांत १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत काळ्या कामगारांना यंत्रांवर सहसा घेत नसत. गाठी फोडणे, झाडलोट, ओझी वाहणे ही कामे त्यांची. पुढे तिथले रोगी कामगार, काळे आणि गोरे, संघटित झाले. १९७८ साली तिथे कापसाच्या धुळीवर कायदेशीर मर्यादा आली आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

आपल्याकडे कायदा नव्हता काय? १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम धूळ शोषून घेण्याची सोय करायला सांगत होते. ८९ वे कलम धंद्यामुळे होणारे रोग कळवायला सांगत होते. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसचे नाव आहे. १९९५ साली डॉ. मुरलीधर व सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसवरचा अभ्यासही प्रसिद्ध केला. तोवर संप होऊन तेरा वर्षे उलटली होती. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत स्वतः वैद्य, आमच्याच घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे; खाणकामगारांची दुखणी पाहतच ते चळवळीत आले. तरीही अडीच लाख कामगारांच्या त्या संपात पगार, बोनस, बदलीवाल्यांची नोकरी या मागण्या पुढे होत्या, छाती मागेच राहिली. पोट रिकामे असताना छातीकडे कोण पाहणार? हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. बासुद्धा म्हणाला असता, "आधी भाकरी बघा."

बा संपानंतर पुन्हा गिरणीत गेला नाही. शेवटची वर्षे तो भिंतीला उशी लावून बसून झोपत असे. भरपाईचा अर्ज आम्ही केला नाही, कारण असा अर्ज करता येतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. मी शिक्षक होतो, तरी!

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांत गिरणीतले म्हातारे अजून भेटतील. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. तीन गोष्टी लिहून घ्या : खाते कोणते होते, त्या खात्यात कोणी लावले आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छातीला काय होत असे. आज जे नालेसफाईत, कचऱ्याच्या गाड्यांवर, बांधकामाच्या सिमेंटमध्ये काम करतात त्यांनाही हेच विचारा. त्यांच्या मुलांना पुढे अर्ज करावा लागेल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.